कुलूप, किल्ली आणि अमानत

'ज्याच्या मनात पाप नाही, त्याने कुलूप कशाला लावावे?' हा प्रश्न आपल्याकडे फार सहजपणे विचारला जातो. कॉम्प्युटरमधल्या खासगी फायली आणि ई-मेल एन्क्रिप्ट करून ठेवाव्यात, म्हणजे किल्लीवाचून कोणालाही वाचता येणार नाहीत अशा कूटलिपीत बदलून ठेवाव्यात, असे कोणी सुचवले की ऐकणारा हसून हेच म्हणतो. मुसलमान माणसाच्या बाबतीत या हसण्याला आणखी एक धार असते. हितचिंतकच सांगतात, 'उगाच कशाला? उद्या कोणी विचारले तर काय सांगशील? आपले सगळे उघडे असलेले बरे.' म्हणजे इतरांनी कुलूप लावले तर ती सावधगिरी, आणि आपण लावले तर तो कबुलीजबाब! ज्या समाजाला आपल्या निर्दोषपणाचा दाखला सतत खिशात घेऊन फिरावे लागते, त्याला ही भीती वाटावी यात नवल नाही. पण भीतीतून आलेला सल्ला नैतिक असतोच असे नाही. म्हणून हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोडून न देता नीतीचा प्रश्न म्हणून तपासायला हवा.

आधी हे कुलूप म्हणजे काय ते पाहू. ई-मेलच्या नावात 'मेल' असल्यामुळे ते आपल्याला बंद पाकीट वाटते. मुळात ते पोस्टकार्डाच्या जवळचे. आता बहुतेक कंपन्या संदेश वाटेत असताना त्याला कुलूप घालतात. पण तो जिथे साठवला जातो तिथली किल्ली सहसा कंपनीकडेच असते. थैली सीलबंद, परंतु पोस्टमास्तरला ती उघडता येते, तसा हा प्रकार. खरे एन्क्रिप्शन म्हणजे पाठवणाऱ्याने स्वतःच्या यंत्रावर संदेश बंद करायचा आणि घेणाऱ्याने आपल्या यंत्रावर उघडायचा. मधल्या कोणालाही तो वाचता येऊ नये. व्हॉट्सअ‍ॅपने २०१६ मध्ये ही सोय सर्वांना दिली. साधा ई-मेल मात्र अजूनही तसा नसतो.

किल्लीची अदलाबदल कशी करायची, हा या विद्येतला जुना पेच होता. बंद पेटी पाठवली तरी किल्ली कोणाच्या हाती पाठवणार? १९७६-७७ च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांनी यावर उत्तर प्रसिद्ध केले. समजा, मी माझी उघडी कुलपे गावभर वाटली. कोणीही आपले पत्र पेटीत घालावे आणि माझे कुलूप दाबून बंद करावे. बंद कोणीही करू शकतो, उघडणारी किल्ली मात्र एकच आणि ती माझ्याकडे. फिल झिमरमन या अमेरिकन माणसाने १९९१ मध्ये 'पीजीपी' या नावाने अशा कुलपाचा प्रोग्राम लोकांना फुकट दिला. त्या काळी अमेरिकेत मजबूत एन्क्रिप्शनची गणना युद्धसामग्रीत होत असे. तो प्रोग्राम देशाबाहेर गेला म्हणून त्याच्यामागे सरकारी चौकशी लागली आणि ती १९९६ मध्ये थांबली. साध्या माणसाच्या पत्राचे कुलूप हे हत्यार आहे की घराची कडी, हा वाद असा तीस वर्षांहून जुना आहे.

आपल्या वाचकांनी हेही लक्षात ठेवावे की ही विद्या आपल्याला परकी नाही. उर्दू शाळेतले मूल शून्याला 'सिफर' म्हणते. त्याच अरबी शब्दावरून युरोपात कूटलिपीसाठी 'सायफर' हा शब्द आला. आणि कूटलिपी फोडण्याची शास्त्रीय पद्धत ज्याने प्रथम लिहून ठेवली, तो नवव्या शतकातला बगदादचा तत्त्वज्ञ अल-किंदी. कोणत्या भाषेत कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजा, मग गुप्त मजकुरातली चिन्हे मोजा आणि दोन्ही ताडून पाहा, असे त्याचे तत्त्व. कुलूपही माणसाचेच आणि ते उघडण्याची अक्कलही माणसाचीच. त्यातले पुण्य-पाप ठरते ते दाराआड काय आहे आणि दार कोण, कशासाठी उघडतो आहे यावरून.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 'मला काय लपवायचे आहे?' या प्रश्नात 'मला' हा शब्दच चुकीच्या जागी आहे. माझ्या कॉम्प्युटरमधले किती कागद माझे असतात? शिक्षकाचेच उदाहरण घ्या. वर्गातल्या मुलांची जन्मतारीख, आधार क्रमांक, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, बापाचा उत्पन्नाचा दाखला, आईचा मोबाइल नंबर असे सगळे शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आणि सरकारी पोर्टलवर भरण्यासाठी शिक्षकाकडे येते. एखादी आई नवऱ्याने सोडल्याचे दुसऱ्या कोणाला सांगत नाही. अर्जात मात्र तिला ते लिहावे लागते. एखाद्या मुलाच्या आजाराचा दाखला असतो. चंदनसारसारख्या वस्तीत घरोघर कॉम्प्युटर नाहीत. माणसे झेरॉक्सच्या दुकानात जातात, कागद स्कॅन करून घेतात आणि निघून येतात. कागद घरी येतो, त्याची प्रत मात्र दुकानातल्या यंत्रात पडून राहते. मागून येणारा कोणीही ती फाइल उघडू शकतो. विरारच्या गर्दीच्या लोकलमध्ये एक पेनड्राइव्ह खिशातून पडला, तर त्याबरोबर एका वर्गाची चाळीस-पन्नास घरे रस्त्यावर येऊ शकतात.

हे कागद माझे नाहीत. ते माझ्याकडे ठेवायला दिलेले आहेत. आपल्या भाषेत त्याला अमानत म्हणतात. पैगंबरांना (स.) नबुव्वतीच्या आधीपासून मक्केचे लोक 'अमीन' म्हणत. हिजरतीच्या रात्री जिवावर बेतले असतानाही लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले, ही हकिकत आपण मुलांना सांगतो. त्या ठेवींत त्यांच्या विरोधकांच्याही वस्तू होत्या. ठेव ठेवणारा कोण, हे पाहून अमानतीची जबाबदारी कमी होत नाही. मग दुसऱ्याची सोन्याची बांगडी आपण उंबरठ्यावर ठेवत नाही, तर दुसऱ्याच्या आधार क्रमांकाची फाइल उघडी का ठेवतो? 'माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही' असे म्हणणारा माणूस स्वतःपुरता प्रामाणिक असेल, पण त्याच्याकडे ठेवलेल्या इतरांच्या गोष्टी उघड्या टाकण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

उघडे दार म्हणजे निष्पापपणा, हा समज किती महाग पडू शकतो, हे आपल्या मुंबई परिसराने २००८ मध्ये पाहिले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ई-मेल गेला. तपास करत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईतल्या सानपाड्यात, एका अमेरिकन नागरिकाच्या घरी. त्याच्या वाय-फायला नीट कुलूप नव्हते आणि त्याचा वापर दुसऱ्यानेच केला होता. पुढे २३ ऑगस्टला माटुंग्याच्या खालसा कॉलेजचे आणि १३ सप्टेंबरला, दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी, चेंबूरच्या एका कंपनीचे वाय-फाय असेच वापरले गेले. त्यानंतर २००९ च्या आरंभी मुंबईचे पोलीस रस्त्यारस्त्यांतून उघडी वाय-फाय शोधत फिरले आणि लोकांना ती बंद करायला सांगू लागले. ज्या टोळीने हे केले तिने आपल्या नावात 'मुजाहिदीन' हा शब्द वापरला होता, हे आपण विसरू नये आणि लपवूही नये. त्या शब्दाची बदनामी अशा लोकांनी जेवढी केली तेवढी इस्लामच्या शत्रूंनीही केली नसेल. पण या प्रकरणाचा धडा सरळ आहे. ज्याने कुलूप लावले नाही त्याच्या दारात पोलीस गेले. सज्जनाचे उघडे दार दुर्जनाच्या उपयोगी पडले. तेव्हा कुलूप लावा, असे खुद्द राज्यानेच नागरिकांना सांगितले.

धर्माची भूमिका काय? कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये 'तजस्सुस', म्हणजे दुसऱ्याच्या खासगी गोष्टींची टेहळणी, मना केली आहे. ही मनाई वाईट संशय आणि पाठीमागची निंदा यांच्या जोडीने आली आहे. संशय माणसाला टेहळणीकडे नेतो, टेहळणीतून हाती आलेले निंदेच्या कामी येते. ही साखळी ज्याने मोहल्ल्यात पाहिली आहे त्याला ती समजावून सांगावी लागत नाही. खलिफा हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक प्रसिद्ध कथा आहे. मदिनेत रात्री गस्त घालताना एका घरातून आवाज आला म्हणून ते भिंतीवरून आत उतरले आणि एक माणूस दारू पिताना सापडला. तो म्हणाला की माझा गुन्हा एक आहे, पण आपले तीन झाले: आपण टेहळणी केली, दार सोडून भिंतीवरून आलात आणि परवानगी न घेता आलात. खलिफा परत फिरले. या कथेत दारू हलाल ठरत नाही. परंतु गुन्हा शोधण्याची रीतच गुन्ह्याची असेल, तर शोधणाऱ्याचा अधिकार संपतो, हे तत्त्व त्यातून दिसते.

मात्र एवढीच कथा सांगून थांबलो तर तो अर्धा सच होईल. इस्लामच्या इतिहासात एक पकडलेले पत्रही आहे. मक्का-विजयाआधी हातिब (रजि.) या सहाबींनी मुसलमानांच्या तयारीची बातमी मक्केला कळवणारे पत्र एका स्त्रीबरोबर पाठवले. पैगंबरांनी (स.) हजरत अली आणि त्यांच्या साथीदारांना तिच्यामागे पाठवले. पत्र तिच्या केसांत लपवलेले सापडले. म्हणजे खासगीपणा अमर्याद नाही. समाजाच्या जिवावर बेतणारे पत्र थांबवता येते. पण ते कसे थांबवले, हेही पाहिले पाहिजे. मदिनेतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक बाईची वेणी सोडून पाहिली गेली नाही. एक ठरावीक पत्र, एक ठरावीक व्यक्ती आणि तिची पक्की माहिती होती. पत्र हाती आल्यावर हातिब यांना बोलावून कारण विचारले गेले. मक्केत राहिलेल्या आपल्या घरच्यांची काळजी त्यांनी सांगितली. शिक्षेची मागणी झाली तरी त्यांना माफ केले गेले.

आपल्या देशाचा कायदाही, निदान तत्त्वतः, याच वाटेने चालतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा एकमुखी निकाल दिला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचखोरीच्या तपासातले फोन टॅप करण्याचे तीन आदेश रद्द केले आणि ती ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितले, कारण अशा टॅपिंगसाठी लागणारी सार्वजनिक सुरक्षेची अट पूर्ण झाली नव्हती. दुसऱ्या बाजूला, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याचा तपास अशा कारणांसाठी रीतसर आदेश देऊन सरकार कुलूप उघडायला सांगू शकते आणि नकार देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे एन्क्रिप्शन वापरणे हा गुन्हा नाही. रीतसर आदेश आला तर दार उघडावे लागेल, आणि तो आदेश रीतीचा आहे का हे विचारण्याचा हक्कही नागरिकाला आहे. कुलूप लावणारा कायद्याबाहेर जात नाही. येणाऱ्याने कायद्याच्या दारातून यावे, एवढेच तो सांगतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. जे कुलूप विधवेचा अर्ज राखते तेच खंडणीखोराचा हिशोबही राखते. गणिताला नियत कळत नाही. म्हणून काही लोक म्हणतात की प्रत्येक कुलपाची एक जादा किल्ली सरकारजवळ असावी. आपल्या इथे २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेश-कंपन्यांना मूळ पाठवणारा शोधून देण्याचे बंधन घातले. त्याविरुद्ध व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेले. गुन्हेगार सापडावा ही इच्छा योग्यच आहे. पण सगळ्या घरांना लागणारी एकच किल्ली घडवली, तर ती फक्त सज्जनाच्याच हातात राहील याची हमी कोण देणार? पायपुसण्याखाली ठेवलेली किल्ली घरच्यांना जशी सापडते तशी चोरालाही सापडते. शिवाय गुन्हेगार स्वतःचे वेगळे कुलूप कुठूनही मिळवील. उघडी राहतील ती साध्या माणसांची घरे. त्यामुळे संशयिताच्या दारावर आदेश घेऊन जाणे हा कष्टाचा पण न्यायाचा मार्ग आहे. प्रत्येकाचीच कडी काढून ठेवणे सोपे आहे, पण तो न्याय नाही.

कुलपाची दुसरी किंमत आपल्या मराठीनेच मोजली आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. अक्षरांच्या जागा बदलून केलेले हे एन्क्रिप्शनच होते. परकी नजर पडू नये, पाठ शुद्ध राहावा, हा हेतू. त्या कुलपाने ग्रंथ राखले. पंजाबापासून काबुलपर्यंत पसरलेल्या मठांतही मराठी जिवंत राहिली. पण त्याच कुलपामुळे लीळाचरित्रासारखा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ शतकानुशतके इतर मराठी माणसांना ठाऊक नव्हता, आणि जे वाचता येत नाही त्याविषयी लोकांनी वाटेल ते कुभांड रचले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्यांनी लिपीचा उलगडा केला आणि पंथातल्या काही महंतांनीही किल्ली दिली, तेव्हा हे दालन उघडले. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. जे सर्वांच्या हिताचे आहे, म्हणजे विचार, ज्ञान, समाजाचा हिशोब, मशिदीच्या आणि संस्थेच्या ट्रस्टचा जमाखर्च, त्याला कुलूप नको. तिथे कुलूप लावले की संशय न्याय्य ठरतो. आणि जे कुलूपबंद ठेवले त्याची किल्ली वारसाला मिळेल अशी सोय हवी. चांगल्या एन्क्रिप्शनचा पासवर्ड विसरला की फाइल गेली. कोणताही किल्लीवाला ती उघडू शकत नाही. कर्जाची नोंद, घराचे कागद, दुसऱ्याची देणी अशा पेटीत बंद करून माणूस मेला, तर त्याने अमानत राखली नाही, पुरली. पासवर्ड कागदावर लिहून, बंद पाकिटात, विश्वासाच्या माणसाकडे ठेवणे हा वसियतीचाच भाग समजावा.

शेवटचा मुद्दा घरातला आहे, आणि मला तो सर्वांत अवघड वाटतो. सरकारने आमची पत्रे वाचू नयेत, असे आपण तावातावाने म्हणतो. परंतु घरात काय चालते? भाऊ वयात आलेल्या बहिणीचा मोबाइल मागून घेतो. नवरा बायकोला पासवर्ड विचारतो आणि तिने दिला नाही की तो नकारच तिच्या चारित्र्याविरुद्धचा पुरावा ठरतो. 'मनात पाप नाही तर कुलूप कशाला?' हाच प्रश्न, शब्दही तेच. फक्त विचारणारा आता आपल्यातला आहे. ज्या समाजाने स्त्रीच्या चेहऱ्यावरच्या पडद्यासाठी इतके वाद घातले, त्याने तिच्या पत्राला पडदा द्यायचे का नाकारावे? सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरी परवानगीवाचून जाऊ नये असे सांगितले आहे. त्याच सूरहमध्ये घरातल्याच लहान मुलांनी आणि नोकरांनीही फज्रआधी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर विचारूनच आत यावे असे सांगितले आहे. म्हणजे एका छपराखालीही माणसाला स्वतःचे असे दार आहे. लहान मुलाच्या मोबाइलवर आईबापांनी लक्ष ठेवणे वेगळे. ते पालनपोषण आहे. सज्ञान माणसाच्या पत्रात डोकावणे म्हणजे तजस्सुस, मग डोकावणारा नवरा असो, सासू असो वा सरकार असो. आपल्या घरातली सज्ञान मुलगी कुलूप लावते तेव्हा आपल्याला जर ती गुन्हेगार वाटत असेल, तर आपण कुलूप लावल्यावर दुसऱ्यांना आपण गुन्हेगार वाटतो याची तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

म्हणून सुरुवात साध्या कामांनी करावी. दुसऱ्यांची कागदपत्रे असलेला फोल्डर आधी एन्क्रिप्ट करावा. ते करणारे चांगले प्रोग्राम फुकट मिळतात. पासवर्ड मुलाच्या नावाचा किंवा जन्मतारखेचा नसावा. आपल्यालाच आठवेल असे चार-पाच असंबद्ध शब्दांचे लांबलचक वाक्य असावे. दुकानातून स्कॅन करून निघताना यंत्रातली प्रत पुसून घ्यावी. काम संपलेले कागद ठेवूच नयेत, कारण जी ठेव आपल्याजवळ नाही ती चोरीलाही जात नाही. आणि कोणी विचारले की मनात पाप नाही तर हे कुलूप कशासाठी, तर खाली मान घालण्याचे कारण नाही. सांगावे की आत लोकांची अमानत आहे, आणि ती राखणे हे माझे काम आहे.